कव्हरची मागची बाजू

तानपुरा जुळला, तबल्यावर हातोडी दोनतीनदा वाजली आणि पेटीवाल्याने सूर धरला. माझ्या पोटात तेव्हाच काहीतरी हललं. काळी तीन. ज्या गायिकेला ऐकायला मी गेले होते, त्या आयुष्यभर काळी पाचमध्ये गायल्या. हे मला कुणी सांगायला नको. शाळेत असताना त्यांची एकच कॅसेट मी इतक्या वेळा वाजवली होती की पेटी पुढ्यात ओढली की माझं बोट आपसूक त्या पट्टीवर जाऊन बसायचं. आणि आज त्या पट्टी उतरवून बसल्या होत्या.

पहिलं गाणं सुरू झालं. आवाज ओळखीचा होता आणि नव्हताही. टेपरेकॉर्डरचे सेल संपत आले की कॅसेट सावकाश फिरायची आणि आवाज जाड होऊन खाली यायचा, ते मला आठवलं. क्षणभरच, पण आठवलं. त्याची लाज मला अजून वाटते. तेवढ्यात मागच्या रांगेतला एकजण शेजाऱ्याला म्हणाला, "यापेक्षा घरी बसून रेकॉर्ड ऐकली असती." दबक्या आवाजात नाही, पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल असं. मला त्याचा इतका राग आला की पुढची दोन कडवी मी ऐकलीच नाहीत. मी मनात जे म्हटलं होतं तेच तो मोठ्याने बोलला, म्हणून तो राग होता, हे कळायला बरेच दिवस गेले.

त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. मी चाहती नेमकी कशाची होते? गाण्याची म्हणावं, तर गाणं तिथे होतंच. शब्द तेच, चाल तीच, गाणारीही तीच. तरी मला काहीतरी कमी वाटलं. जे कमी होतं ते त्या कॅसेटच्या कव्हरवर होतं. निळ्या पार्श्वभूमीवर मान किंचित कलती करून, कुठेतरी दूर बघत असलेल्या त्या. वय फार तर तीस. तो फोटो कुणीतरी काढला होता, कंपनीतल्या कुणीतरी पन्नासांतून निवडला होता, निळा रंग कुणाला तरी सुचला होता. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मला वाटायचं, त्या अशाच असतात. घरात वावरतानाही अशाच, मान कलती करून. घड्या पडून कव्हर मधोमध फाटायला आलं तेव्हा मी त्याला मागून चिकटपट्टी लावली होती. ती चिकटपट्टी आता पिवळी पडली आहे.

संगीताच्या धंद्यात आवाजाच्या आधी चित्र विकलं जातं, ही गोष्ट कॅसेटपेक्षा फार जुनी आहे. रेकॉर्डिंगचा शोध लागण्याच्याही आधीची. 1850 मध्ये पी. टी. बार्नम या अमेरिकन खेळवाल्याने स्वीडनची सोप्रानो गायिका जेनी लिंड हिच्याशी करार केला: दीडशे मैफली, दर मैफलीला 1000 डॉलर. त्यापोटी त्याला 1,87,500 डॉलर आगाऊ जमा करावे लागले. आणि त्याने तिचं गाणं तोवर ऐकलेलं नव्हतं. युरोपात तिचं नाव मोठं होतं, पण अमेरिकेतल्या सामान्य माणसाला ती ठाऊक नव्हती. बार्नमने हिशेब केला तो तिच्या चांगुलपणावर. ती दानशूर आहे, साधी आहे, धर्मपरायण आहे, मिळकतीतून शाळांना देणग्या देते, हे त्याने महिनोन्महिने वर्तमानपत्रांतून लोकांच्या कानी घातलं. सप्टेंबरात ती न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली तेव्हा तिला बघायला हजारोंची गर्दी लोटली. त्यातल्या जवळजवळ कुणीही तिचा एक सूर ऐकला नव्हता. पहिल्या मैफलीच्या तिकिटांचा लिलाव झाला. पहिलं तिकीट एका टोपीविक्याने 225 डॉलरला घेतलं, आणि त्यामुळे त्याच्याही टोप्यांचं नाव झालं. लिंडच्या नावाचे हातमोजे निघाले, टोप्या निघाल्या, सोफे निघाले.

मला या कथेत बार्नमच्या हुशारीपेक्षा लिंडचं काय झालं हे महत्त्वाचं वाटतं. ती खरोखर दानशूर होती. चित्र खोटं नव्हतं. पण स्वतःचा खरा चांगुलपणा रोज फलकावर रंगवलेला पाहणं तिला सोसेना. वर्षभरात, 1851 मध्ये, तिने बार्नमशी फारकत घेतली आणि पुढच्या मैफली स्वतःच्या बळावर केल्या. प्रतिमा खोटी असली तरच कलावंताला टोचते, असं मी समजत होते. ती खरी असूनही टोचू शकते, हे लिंडमुळे कळलं.

मग चाहते नुसते फसवले जातात का? हा निष्कर्ष फार सोपा आहे आणि मला तो पटत नाही. फ्रँक सिनात्राचा प्रसिद्धीप्रमुख जॉर्ज इव्हान्स याने 1940 च्या दशकाच्या सुरुवातीला काही मुलींना प्रत्येकी पाच डॉलर देऊन, गाणं सुरू असताना किंचाळायला आणि भोवळ येऊन पडायला बसवलं होतं, असं नंतर त्याच्याच बरोबरच्या लोकांनी सांगितलं. ही गोष्ट नेहमी इथवरच सांगितली जाते, सगळं ठरवून केलेलं होतं याचा पुरावा म्हणून. तिची पुढची अर्धी बाजू मात्र कुणी सांगत नाही. पैसे दिलेल्या मुली मोजक्या होत्या. शेकडो मुलींना कुणी छदामही दिला नव्हता आणि त्या जास्त जोराने किंचाळल्या. ऑक्टोबर 1944 मध्ये न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरबाहेर हजारो मुलींनी रस्ता अडवून धरला, तेव्हा त्यांना भाड्याने आणायला कुणाकडेच एवढे पैसे नव्हते. महायुद्ध चालू होतं, घरातले तरुण दूर होते आणि एक सडपातळ मुलगा मायक्रोफोनशी इतक्या जवळून गात होता की प्रत्येकीला वाटावं, हा माझ्याच कानाशी बोलतोय. मायक्रोफोन ही वस्तू नसती तर ते घडलं नसतं. त्याआधीच्या गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागे. कुजबुजता येत नसे.

कंपनी चौकट देते. आत रंग भरतो तो चाहता, स्वतःच्या आयुष्यातला. माझ्या निळ्या कव्हरमधल्या बाई ज्या दूरच्या कशाकडे बघत होत्या, ते मी ठरवलं होतं. तेराव्या वर्षी मला जिथे जायचं होतं तिकडेच त्या बघत होत्या.

1956 मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी रेडिओ आणि टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे नातं जुळतं त्यावर एक निबंध लिहिला. एका बाजूने सगळं माहीत, दुसऱ्या बाजूने नावही माहीत नाही, असं ते नातं. निबंध महत्त्वाचा आहे आणि आज तर तो फारच आठवला जातो. पण त्यातला एकतर्फीपणा आता अनेकजण आजाराचं लक्षण असल्यासारखा वापरतात, ते मला खटकतं. तेराव्या वर्षी ज्या आवाजाने मला सांभाळलं, त्याला माझं नाव माहीत असायची गरजच नव्हती. घरात कुणाशी बोलता येत नव्हतं अशा एका वर्षी मी रोज संध्याकाळी ती कॅसेट लावून दार लोटून घेत असे. त्या बाईंनी माझ्यासाठी जे केलं ते त्यांना कधीच कळणार नाही. म्हणून ते घडलं नाही असं होत नाही.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगायची आहे, कारण माझ्या मते सगळी गुंतागुंत तिच्यात आहे.

1949 मध्ये 'महल' चित्रपट आला. त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं: कामिनी. कामिनी म्हणजे पडद्यावर मधुबालाने रंगवलेलं पात्र. गाणाऱ्या मुलीचं नाव कुठेच नव्हतं. त्या काळी तशीच पद्धत होती. आवाज पात्राचा मानायचा, चेहरा नटीचा, आणि जिने गळ्यातून तो काढला तिचं नाव कुणाला सांगायचं कारण नाही. रेडिओवर गाणं वाजायला लागलं आणि श्रोते विचारू लागले, ही कोण? पत्रं, फोन यांचा इतका मारा झाला की रेडिओने कंपनीकडे नाव मागितलं आणि ते ऐकवलं: लता मंगेशकर. आज हे वाचताना विश्वास बसत नाही, पण त्या नावाला सुरुवातीला चेहराच नव्हता. पोस्टर नाही, पोशाख नाही, कलती मान नाही. फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला पुरस्कार असावा यासाठीही तिला अडून बसावं लागलं, आणि तो 1959 मध्ये पहिल्यांदा दिला गेला. धंद्याने एक चेहरा पुढे केला होता आणि श्रोत्यांनी जिवाचा कान करून त्याच्या मागचं माणूस शोधून काढलं. चाहत्यांच्या निष्ठेने केलेल्या कामांमध्ये मला हे सर्वांत सुंदर वाटतं.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवते. चाळीस वर्षांनंतरची. मिली व्हॅनिली या जोडीला फेब्रुवारी 1990 मध्ये सर्वोत्तम नवोदित म्हणून ग्रॅमी मिळालं. रॉब पिलाटस आणि फॅब मॉर्व्हन, दोघेही देखणे, उत्तम नाचणारे. त्यांच्या अल्बमवर त्यांचा आवाजच नव्हता. गाणारे वेगळे होते. निर्माता फ्रँक फारियन याला ते आवाज हवे होते, पण त्यांचे चेहरे नको होते. 1989 मध्ये एका जाहीर कार्यक्रमात लावलेलं रेकॉर्डिंग अडकलं आणि एकच अर्धी ओळ पुन्हापुन्हा वाजत राहिली. तरीही पुढे वर्षभराहून जास्त काळ सगळं सुरळीत चाललं. नोव्हेंबर 1990 मध्ये फारियनने कबुली दिली, पुरस्कार काढून घेतला गेला, अल्बम विकत घेणाऱ्यांना भरपाई देण्यापर्यंत प्रकरण कोर्टात गेलं. जगाने थट्टा केली ती त्या दोघांची. ज्याने हे सगळं रचलं, तो पुढेही निर्माता म्हणून काम करत राहिला. पिलाटस 1998 मध्ये, वयाच्या तिशीत, एका हॉटेलच्या खोलीत मरण पावला.

दोन्हीकडे व्यवस्था एकच होती. एकाचा चेहरा, दुसऱ्याचा आवाज. पण पार्श्वगायनात ती सगळ्यांना ठाऊक होती, आणि नाव कळल्यावर प्रेक्षकांना नटीही हवी होती आणि गायिकाही. दुसरीकडे ती लपवलेली होती. ज्या लोकांनी मिली व्हॅनिलीच्या कॅसेट फोडल्या, त्यांचा राग मला समजतो. त्यांनी प्रेम दिलं होतं आणि पत्ता चुकीचा निघाला. पण त्या पत्त्यावर राहणारी दोन मुलंही त्याच व्यवस्थेत अडकली होती, हे कुणाच्या मनात आलं नाही. आणि ज्यांनी खरोखर गायलं होतं त्यांची नावं तुम्हाला आज आठवतात का? मलाही शोधावी लागली. चार्ल्स शॉ, ब्रॅड हॉवेल, जॉन डेव्हिस. 'ही कोण' असं त्यांच्याबद्दल वेळेवर कुणी विचारलं नाही.

चाहत्यांचं प्रेम गाणंच गिळून टाकतं, असंही होतं. 15 ऑगस्ट 1965 ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सपुढे 55,000 हून जास्त माणसं होती, आणि किंकाळ्यांमध्ये त्या चौघांना स्वतःचीच वाद्यं ऐकू येत नव्हती. रिंगो स्टार पुढच्या तिघांच्या हालचाली पाहून गाणं कुठवर आलंय त्याचा अंदाज घ्यायचा. पुढच्या वर्षी, 29 ऑगस्ट 1966 ला, त्यांनी शेवटची तिकीट लावलेली मैफल केली आणि स्टुडिओत निघून गेले. त्यांची सर्वांत धाडसी गाणी त्यानंतरची आहेत, कुणी किंचाळत नसतानाची.

आपल्याकडे ही गोष्ट सांगायला बालगंधर्वांइतकं मोठं उदाहरण नाही. नारायण श्रीपाद राजहंस हा पुरुष रंगभूमीवर स्त्री म्हणून उभा राहिला आणि घरंदाज स्त्रिया त्याच्यासारखं नेसू लागल्या, त्याच्यासारखे केस बांधू लागल्या. 12 मार्च 1911 ला 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली. प्रयोग रद्द झाला नाही. त्यांची भामिनी रंगमंचावर आली आणि लोकांनी तिला डोक्यावर घेतलं. ही गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या कलेवरच्या निष्ठेची म्हणून सांगत आलो. मीही तशीच ऐकली, तशीच सांगितली. हल्ली सांगताना माझा आवाज अडखळतो. प्रेक्षकांना भामिनी हवी होती, आणि त्या दिवशी बापाला बाप असायची मुभा नव्हती.

पुढे बोलपट आले. 1935 मध्ये त्यांनी 'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथांची भूमिका केली, पुरुषाची. प्रभातसारखी संस्था, व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, सगळं असूनही तो संसार पुढे चालला नाही. ते पुन्हा रंगभूमीवर आले, पुन्हा शालू नेसून. साठी ओलांडल्यावरही त्यांनी स्त्रीभूमिका केल्या. देह थकलेला, तरी समोर बसलेले लोक डोळे मिटून ऐकायचे आणि मिटल्या डोळ्यांनी जुने बालगंधर्व पाहायचे. त्या रसिकांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. त्यांनी त्या माणसाला अखेरपर्यंत सोडलं नाही. पण त्यांनी त्याला दुसरं काही होऊही दिलं नाही.

प्रतिमेच्या बाहेर यायचा प्रयत्न करणाऱ्यांना मोजावी लागलेली किंमत हा एक वेगळा लेख होईल. लोकगीतं गाणारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बॉब डिलनने इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली म्हणून 17 मे 1966 ला मँचेस्टरच्या सभागृहातून त्याच्याच चाहत्याने 'ज्यूडास', म्हणजे विश्वासघातकी, अशी हाक मारली. जॉर्ज मायकलने 1990 मध्ये स्वतःच्या व्हिडिओंमध्ये दिसायचंच नाकारलं, चेहऱ्याला बाजूला ठेवून गाणं ऐका म्हणून सांगितलं, मग सोनी कंपनीशी कोर्टात लढला आणि 1994 मध्ये हरला. प्रिन्सने 1993 मध्ये नाव टाकून एक चिन्ह घेतलं आणि गालावर 'गुलाम' हा शब्द लिहून लोकांसमोर आला. स्वतःच्या नावाने स्वतःचंच गाणं हवं तेव्हा काढता येत नाही, तर नावच नको. लोक हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात घोळत असताना माझी भाची सुट्टीत माझ्याकडे राहायला आली. वय पंधरा. तिच्या पिशवीत एक जाड वही होती, पारदर्शक प्लास्टिकच्या कप्प्यांची, आणि प्रत्येक कप्प्यात एक छोटं कार्ड. साधारण बँक कार्डाएवढं, कोपरे गोलसर, समोर एका तरुणाचा फोटो. फोटोकार्ड. के-पॉपच्या, म्हणजे कोरियन पॉप संगीताच्या, अल्बममध्ये ती असतात, आणि कुठल्या पाकिटात कुणाचं कार्ड निघेल ते आधी कळत नाही. सात जणांचा गट असेल आणि तुम्हाला एकाचंच हवं असेल, तर पुन्हा घ्या, किंवा अदलाबदल करा. एकाच अल्बमच्या वेगवेगळ्या आवृत्त्या निघतात, प्रत्येकीत वेगळी कार्डं. ती कार्ड काढताना कडेला धरायची, फोटोवर बोट लागू द्यायची नाही. परत कप्प्यात सरकवताना तिचा श्वास थांबायचा. मी त्या हालचाली ओळखल्या. कॅसेटच्या डबीतून कव्हर काढताना माझेही हात असेच चालायचे.

एका रात्री पाणी प्यायला उठले तर तिच्या उशीखालून मंद उजेड येत होता. फोन चालू, इअरफोन त्याला लावलेला, पण तिच्या कानात नाही. ती गाढ झोपलेली. सकाळी विचारलं तर सहज सांगितलं, "मावशी, नवीन गाणं आलंय ना, स्ट्रीमिंग करतोय आम्ही सगळे." त्याचे नियम तिला तोंडपाठ होते. आवाज पूर्ण बंद करायचा नाही, नाहीतर गाणं वाजल्याचं मोजत नाहीत. तेच गाणं सलग फिरवायचं नाही, मध्ये दुसरी दोन घालायची, नाहीतर यंत्राला संशय येतो. रात्रीच्या पाळ्या वाटलेल्या. मी विचारलं, "आणि ऐकतेस कधी?" ती जरा थांबली आणि म्हणाली, "पहिल्या दिवशी ऐकलं की."

मला तिचा राग आला नाही. त्या मुलीने कुणासाठी तरी झोपेतही काम करायची तयारी दाखवली होती, आणि हे तिला कुणी करायला लावलं नव्हतं. राग आला तो त्या हिशेबाचा, ज्यात तिची ही तयारी आकडा म्हणून आधीच धरलेली असते. कंपन्यांमध्ये हल्ली 'सुपरफॅन' हा शब्द उघडपणे वापरतात: साध्या श्रोत्यापेक्षा कितीतरी जास्त खर्च करणारा, आणखी खर्च करायला तयार असणारा. बीटीएस या सात जणांच्या कोरियन गटाची कंपनी ऑक्टोबर 2020 मध्ये शेअर बाजारात आली. जून 2022 मध्ये त्या सात मुलांनी, गट म्हणून काही काळ थांबतो, प्रत्येकाला आपापलं काही करायचं आहे, असं सांगितलं आणि कंपनीचा शेअर एका दिवसात जवळपास 25 टक्क्यांनी कोसळला. त्याच वेळी त्यांच्यातला आरएम म्हणाला होता की के-पॉपची सगळी व्यवस्था माणसाला परिपक्व व्हायला वेळच देत नाही. थकलेल्या तरुणांनी विसावा मागितला आणि त्याची किंमत दुसऱ्याच दिवशी बाजारात लागली. बालगंधर्वांच्या काळी निदान हे आकड्यात दिसत नव्हतं.

त्या कोसळलेल्या आकड्यात एक गोष्ट मात्र धरलेली नव्हती. चाहते गेले नाहीत. भाचीसारख्या लाखो मुलामुलींनी वाट पाहिली, सक्तीच्या सेवेसाठी सैन्यात गेलेल्या प्रत्येकाचे परतीचे दिवस मोजले. याच चाहत्यांनी जून 2020 मध्ये, बीटीएसने वर्णभेदविरोधी चळवळीला दहा लाख डॉलर दिल्याचं कळताच, साधारण दिवसभरात स्वतःमधून तेवढीच रक्कम उभी केली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणूनच मी निष्ठेला वेडेपणा म्हणायला तयार नाही. ब्रिटनी स्पिअर्सचं उदाहरण घ्या. 2008 पासून तिच्या पैशांवर, कामावर, रोजच्या जगण्यावर कोर्टाने नेमलेल्या पालकांचा ताबा होता, आणि त्या काळात ती अल्बम काढत होती, दौरे करत होती. हे विचित्र आहे, काहीतरी चुकतंय, असं आधी म्हणाले ते चाहते. त्यांना वर्षानुवर्षं भ्रमिष्ट ठरवलं गेलं. जून 2021 मध्ये ती स्वतः कोर्टात बोलली आणि त्याच वर्षी 12 नोव्हेंबरला ते पालकत्व संपलं. धंद्यातल्या कितीतरी लोकांनी तिला रोज जवळून पाहिलं होतं. ज्यांनी ते दूरवरून ओळखलं त्यांच्याकडे प्रेमाखेरीज दुसरा पुरावा नव्हता.

टेलर स्विफ्टच्या बाबतीत निष्ठेने चक्क मालकीचा प्रश्न सोडवला. 2019 मध्ये तिच्या पहिल्या सहा अल्बमची मूळ ध्वनिमुद्रणं, ज्यांना मास्टर्स म्हणतात, तिच्या हातात न येता विकली गेली. तिने तेच अल्बम पुन्हा गाऊन काढायला सुरुवात केली, 2021 ते 2023 मध्ये चार. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने गाणी तीच, बरीचशी वाद्यरचनाही तीच. तरी चाहत्यांनी जुनी सोडून नवी लावली, कारण नवीवर तिचा हक्क होता. एरास टूरचे 149 कार्यक्रम झाले, दोन अब्ज डॉलरहून जास्त तिकीटविक्री झाली, आणि मे 2025 मध्ये तिने मूळ मास्टर्सही विकत घेतले. ती अब्जाधीश आहे, तिच्यासाठी कळवळण्याची गरज नाही, हे मला मान्य आहे. पण लाखो श्रोत्यांना ध्वनिमुद्रणाची मालकी कुणाकडे असते हा प्रश्न पहिल्यांदा पडला, तो तिच्यामुळे.

आणि याच निष्ठेची भिंतही होते. आर. केली या अमेरिकन गायकावर वर्षानुवर्षं गंभीर आरोप होत राहिले. अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचे. गाणी वाजत राहिली. सप्टेंबर 2021 मध्ये तो दोषी ठरला, पुढच्या वर्षी त्याला 30 वर्षांची शिक्षा झाली, आणि कोर्टाबाहेर तेव्हाही काही चाहते त्याच्या बाजूने उभे होते. ज्या मुलींनी तक्रार केली त्याही आधी चाहत्याच होत्या, त्यातल्या काही त्याचं गाणं आवडतं म्हणूनच त्याच्यापर्यंत पोचल्या होत्या. 'ही कोण' हा प्रश्न त्यांच्याबद्दल विचारायला हवा होता.

त्या मैफलीचं राहिलंच. मध्यंतरानंतर मागच्या रांगेतला तो माणूस परत आला नाही. बाईंनी शेवटी तेच गाणं घेतलं, कॅसेटच्या पहिल्या बाजूचं पहिलं. त्याच्या अंतऱ्यात एक जागा आहे, तार सप्तकात एकदम उडी मारून मग सावकाश उतरणारी. मी हातांच्या मुठी वळून बसले होते. त्या जागेशी आल्या, तबलजीकडे किंचित पाहिलं आणि वर गेल्याच नाहीत. खाली वळल्या. ज्या शब्दावर तीस वर्षं त्यांचा आवाज आभाळाला भिडायचा, तोच शब्द त्यांनी मंद्रात, अगदी जमिनीलगत ठेवला, आणि तिथे क्षणभर थांबल्या. पेटीवाल्याने पेटीवरचे हात काढून घेतले. नुसता तानपुरा. त्या शब्दात विरह आहे हे मला तेराव्या वर्षापासून माहीत होतं. तो कुणाचा आहे ते तेव्हा कळलं. मी डोळे मिटले नाहीत. त्यांचे पांढरे केस, गळ्याच्या शिरा, माईकवरचा थरथरता हात, सगळं बघत राहिले.

हे मी भाचीला सांगितलं आणि कपाटातून ती कॅसेट काढून दाखवली. वाजवायला घरात यंत्र नाही. तिने कव्हर हातात घेतलं, कडेला धरून, फोटोवर बोट न लावता. "किती सुंदर होत्या," म्हणाली. मग पिवळी चिकटपट्टी पाहून तिने आपल्या वहीतला एक रिकामा कप्पा पुढे केला. "यात ठेव मावशी, अजून फाटणार नाही."

कव्हर लांब होतं, मावेना. तिने जुन्या घड्यांवरच ते दुमडलं आणि निळा फोटो दर्शनी येईल असं आत सरकवायला लागली.

"असं नको," मी म्हटलं. "उलटं घाल."

मागच्या बाजूला बारीक अक्षरात गाण्यांची यादी होती आणि तिच्याखाली नावं. तबला, पेटी, व्हायोलिन, बासरी, ध्वनिमुद्रण. भाचीने वही दिव्याजवळ नेली आणि डोळे बारीक करून एकेक नाव वाचायला सुरुवात केली. व्हायोलिनवाल्याच्या नावाशी थांबली आणि तिने विचारलं, "हे कोण?"